शकूकाकूंच्या घरी ढकलगाडी

तिसऱ्या मजल्याचा कठडा धरून धापा टाकत असतानाच दिवाणकाकांनी कोरमचा मुद्दा काढला.

"कमिटी सात जणांची. चार तरी पाहिजेत. आपण तिघंच आलोय."

"अहो काका, ही मीटिंग कुठं आहे? खेळ आहे," मी म्हणाले.

"कमिटी जमली की मीटिंग. आणि मीटिंग म्हटलं की कोरम आलाच."

पप्पा सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि निर्णय दिला, "तहकूब करूया. अर्ध्या तासानं त्याच जागी परत भरवायची. मग कोरम लागत नाही."

"त्याच जागी म्हणजे जिन्यात?" बिरनाळे मॅडमनी विचारलं.

यावर तिथेच चर्चा झाली. मॅडम शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे जागेच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या. शेवटी 'जागा' म्हणजे सबंध इमारत धरावी असं एकमताने ठरलं आणि आम्ही चौथ्या मजल्याकडे निघालो. तो अर्धा तास शकूकाकूंच्या घरी पोहे खाण्यात गेला, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

याला आता तेरा-चौदा वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागला आमची सुयोग सोसायटी, आणि तिची लिफ्ट गणपतीपासून बंद. आता होळी होऊन गेली होती. लिफ्ट दुरुस्त करायला कुणाचा विरोध होता असं मुळीच नाही. प्रत्येक मीटिंगमध्ये ती एकमताने दुरुस्त व्हायची. पण काम द्यायचं तर तीन कोटेशनं हवीत आणि ती शेजारी शेजारी ठेवून बघायला हवीत, असा सेक्रेटरी दिवाणकाकांचा दंडक. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस, त्यांना दोन कोटेशनांवर झोप लागली नसती. दोन आली होती. तिसरं कोल्हापूरची एक पार्टी देणार होती. ती पार्टी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण तिच्यावर सगळ्यांचा गाढ विश्वास होता. तिची वाट बघता बघता पहिल्या दोघांच्या दरांची मुदत संपायची, मग त्यांच्याकडून नवीन कोटेशनं मागवायची, आणि विषय पुढच्या मीटिंगला. कमिटीतला एकही माणूस पहिल्या मजल्याच्या वर राहत नव्हता, हा निव्वळ योगायोग.

चौथ्या मजल्यावर राहायच्या शकूकाकू बर्वे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. वॉकर धरून घरातल्या घरात फिरायच्या. आणि तळमजल्यावर मालनमावशी चौगुले. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी शेजारी शेजारी बसून लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही लांब जायचं नाही म्हणून दोघींनी एकाच इमारतीत घरं घेतली. काकूंनी वरचं घेतलं, कारण तेव्हा लिफ्ट चालू होती.

दिवाळीनंतर मालनमावशींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोवर लिफ्ट नसली तरी दोघींचं फोनवर तासन् तास चालायचं. आता मावशींची सून सुजाता संध्याकाळी फोन त्यांच्या कानाला लावायची आणि काकू एकट्याच बोलत राहायच्या. हल्ली हल्ली तर फोन कानाशी आला की मावशी डाव्या हाताने तो भिरकावून द्यायच्या. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, दुसरा झटका आला तर काही खरं नाही. काकूंना तो यायच्या आत खाली जायचं होतं. मुंबईला नव्हे, काशीला नव्हे. खाली.

कमिटी अगदीच दगडाच्या काळजाची नव्हती. एकदा त्यांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचा घाट घातला होता. चौघांनी खुर्ची उचलली, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उलटं कुणी चालायचं यावरून वाद झाला, आणि वाद मिटेपर्यंत खुर्ची कलती राहिली. काकूंनी कठड्याचे गज दोन्ही हातांनी धरून ठेवले. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की मला उचलायचं असेल तर मी मेल्यावर उचला, तेव्हा मी तक्रार करणार नाही. कमिटीने ही बाब समजुतीने घेतली.

मी त्या वेळी पुण्यात एका लहानशा कंपनीत होते. आम्ही सिरियस गेम बनवायचो. म्हणजे खेळता खेळता माणसाच्या डोक्यात काहीतरी उजेड पडावा असे खेळ. कुणी बचतीवर बनवायचं, कुणी रागावर. माझ्या वाट्याला चालढकल आली होती. माणसं कामं पुढे का ढकलतात, आणि ढकलल्यावर ती कामं कुणाच्या अंगावर जाऊन पडतात, हे पटावर दाखवायचं. खेळाचं नाव ढकलगाडी. मला तो बाजारात जायच्या आधी खऱ्या माणसांवर करून बघायचा होता, आणि चालढकल करणारी खरी माणसं शोधायला मला घराबाहेर पडायची गरज नव्हती.

खेळ काकूंकडे ठेवायचा हा डाव माझाच. चार मजले चढले की निम्मा उजेड जिन्यातच पडेल असा माझा हिशोब. आदल्या दिवशी मी काकूंना सगळं समजावून सांगितलं होतं.

"खेळून लिफ्ट चालू होते होय गं?" त्यांनी विचारलं.

"लिफ्ट नाही होत काकू. पण आपण ढकलतो तेव्हा दुसऱ्याचं काय होतं, ते माणसाला कळतं."

काकूंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांना कळत नाही असं वाटतंय होय तुला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात ते छापलेलंच होतं. मी ते पाठ म्हणून दाखवलं.

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "घे इथं. पोहे करते."

तर पोहे झाले, अर्धा तास झाला, मीटिंग कायदेशीर झाली. सगळ्यांनी काकूंच्या गॅलरीत जाऊन वारा खाल्ला.

"वारा काय येतो ओ काकू तुमच्याकडं!" पप्पा म्हणाले. "आमच्याकडं खाली असलं काही नाही."

"नशीबवान आहे मी," काकू म्हणाल्या.

मी पट मांडला आणि नियम सांगितले. प्रत्येकाच्या हातात कामाची पत्ती, आणि समोर आरामाच्या काही पत्त्या: दुपारची झोप, मॅच, चहा-भडंग. आपली पाळी आली की म्हणायचं, 'आज' किंवा 'उद्या'. 'आज' म्हटलं तर काम होतं, पण आरामाची एक पत्ती जाते. 'उद्या' म्हटलं तर आराम शाबूत, फक्त भांड्यातला एक चिंचोका उचलून वाट बघणाऱ्याच्या ओंजळीत टाकायचा. वाट बघणारा एकच. त्याला पत्ती नाही, पाळी नाही, मध्ये बोलायची परवानगी नाही. सगळ्यांची कामं होईपर्यंत त्याने जागेवर बसून राहायचं. खेळ संपल्यावर मात्र फक्त त्यानेच बोलायचं, आणि तोच खेळाचा गाभा.

"हे कोण होणार?" दिवाणकाकांनी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकूया."

"छे छे, चिठ्ठ्या कशाला? नुसतं बसून राहायचं म्हणजे शिक्षाच की." बिरनाळे मॅडम विचारात पडल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "काकू! तुम्ही बसा की. तुम्हाला तेवढंच निवांत."

"बरोबर," पप्पा म्हणाले. "त्यांना उठबस नको."

"सर्वानुमते," दिवाणकाका म्हणाले.

मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दाराजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी पदर पसरला. "टाका," त्या म्हणाल्या.

पहिल्या फेरीत सगळे जरा अवघडलेले होते. पप्पा 'उद्या' म्हणायचे आणि उठून, वाकून चिंचोका काकूंच्या पदरात ठेवायचे, देवळात ठेवतात तसा. दिवाणकाका तर "माफ करा हं काकू" असंही म्हणाले. मला वाटलं, चला, पडायला लागला उजेड.

मग खेळ रंगला.

पत्त्यांची अदलाबदल करायला मी मुभा ठेवली होती, माणसांनी एकमेकांना मदत करावी म्हणून. दिवाणकाकांच्या लक्षात आलं की पाळी यायच्या आत आपलं काम दुसऱ्याला देऊन टाकलं तर 'आज' की 'उद्या' हे आपल्याला विचारलंच जात नाही. त्यांनी आपली पत्ती मॅडमना दिली, मॅडमनी ती पप्पांना दिली, आणि पप्पांनी "हा विषय मुळात सेक्रेटरींच्या अखत्यारीतला" म्हणून ती परत दिवाणकाकांकडे पाठवली. काम गोल गोल फिरू लागलं. ज्याच्या हातात ते नेमकं अडकेल त्याने 'उद्या' म्हणायचं आणि चिंचोका फेकायचा, एवढंच. आता कुणी उठत नव्हतं. बसल्या जागेवरून नेम धरून टाकत होते.

"मॅडम, तुमची पाळी!"

"माझी कशी? मी आत्ताच तुम्हाला दिलं की ओ!"

"देताना पोच घेतली नाही तुम्ही. ग्राह्य नाही."

"पप्पा, तुम्ही सांगा," मी म्हणाले, कारण मलाही आता राहवत नव्हतं.

"एक सुट्टीचा दिवस धरूया मध्ये," पप्पा गंभीरपणे म्हणाले. "सुट्टीला 'उद्या' म्हटलं तर चिंचोका पडत नाही."

"असा नियम नाही!"

"ठराव करू की. कोण सूचक?"

मॅडम सूचक झाल्या, दिवाणकाका अनुमोदक. पुण्यात मी हा खेळ चांगल्या शिकल्या-सवरलेल्या मंडळींबरोबर खेळून बघितला होता. चार-पाच फेऱ्यांत त्यांना लाज वाटायला लागायची आणि ती 'आज' म्हणायला लागायची. ही तीन माणसं कुठल्या मातीची होती देव जाणे. गणपतीपासून ज्यांना एक फोन करायला जमलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातून आता नवनवीन युक्त्या नुसत्या उसळत होत्या. पप्पांना मी इतकं खुशीत कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मी भराभर टिपणं काढत होते. खेळातलं एकही भोक त्यांनी सोडलं नव्हतं, आणि ती सगळी बुजवली की माझा खेळ देशात एक नंबर होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी दिवाणकाकांनी भांडं उलटं करून दाखवलं. चिंचोके संपले. कामं सगळी तशीच, आराम सगळ्यांचा शाबूत.

"हरवला की नाही खेळ?" ते म्हणाले.

"पुण्याच्या कंपनीला सांगलीनं हरवलं!" पप्पांनी मांडीवर थाप मारली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," मी म्हणाले. "अजून संपलं नाही. आता फक्त वाट बघणाऱ्यानं बोलायचं. काकू, तुम्हाला कसं वाटलं ते सांगा सगळ्यांना."

सगळे आज्ञाधारक मुलांसारखे दाराकडे वळले. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर चिंचोक्यांचा ढीग होता आणि बरेचसे जमिनीवरही पसरले होते, कारण पदर निघून गेल्यावरही नेम धरून फेकणं चालूच राहिलेलं होतं.

"उठल्या?" दिवाणकाका म्हणाले. "मध्येच उठायला चालतं? नियमात बसतंय हे?"

मी आत बघितलं, गॅलरी बघितली, बाथरूमचं दार वाजवलं. दार उघडंच होतं. तोवर मॅडमनी बाहेरून हाक मारली, आणि ती हाक नेहमीच्या आवाजातली नव्हती.

जिन्याच्या तोंडाशी काकूंचा वॉकर उभा होता. एकटा.

पप्पा पुढे, आम्ही मागे, असे आम्ही धावलो. तिसरा मजला रिकामा. दुसऱ्या मजल्याच्या खाली, वळणावर, काकू पायरीवर बसलेल्या होत्या. एका हाताने कठड्याचा गज धरायचा, दुसरा तळवा पायरीवर टेकायचा, आणि बूड उचलून खालच्या पायरीवर ठेवायचं. मग दम खायचा. मग पुढची पायरी. पातळाच्या मागच्या बाजूला सगळ्या जिन्याची धूळ लागली होती. चेहरा घामाने डबडबलेला होता आणि ओठ दुखण्याने घट्ट आवळलेले.

"काकू!" पप्पा ओरडले. "अहो, खुबा आहे तुमचा! थांबा, आम्ही उचलतो."

"हात लावायचा नाही कुणी."

"अहो पण सांगायचं तरी आम्हाला."

काकू आणखी एक पायरी उतरल्या आणि मगच बोलल्या. "मला बोलायची परवानगी नव्हती ना? खेळ चालू होता तुमचा."

"खेळ संपला काकू," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं आणि स्वतःची भयंकर चीड येत होती.

"होय? कोण जिंकलं?"

पप्पा त्यांच्या पुढ्यात जाऊन वाकले.

"बाळासाहेब, जरा बाजूला सरका. उजेड अडवताय."

पप्पा सरकले. आणि मग आमची वरात निघाली. पुढे काकू, पायरीपायरीने घसरत. त्यांच्यामागे दोन पायऱ्या सोडून कमिटी, उभी. त्या थांबल्या की कमिटी थांबायची, त्या सरकल्या की कमिटी एक पायरी उतरायची. दिवाणकाकांनी मध्ये एकदा तोंड उघडलं होतं, पण मॅडमनी त्यांचा शर्ट मागून ओढला. काकू कण्हत होत्या ते सगळ्या जिन्यात ऐकू येत होतं. एवढा लांब जिना मी जन्मात उतरले नाही.

तळमजल्यावर सुजाता दार उघडून बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

"बघतेस काय? आता धर मला," काकू म्हणाल्या. "आणि तू गं, त्या बाजूनं ये."

आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं. पलंगापर्यंत कसंबसं नेलं आणि त्या मालनमावशींच्या उशाशी टेकल्या.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी मान वळवली. पहिल्यांदा काही कळलंच नाही त्यांना. मग डोळे मोठे झाले, तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी डावा हात उचलून काकूंच्या दंडावर फाडकन मारला. पुन्हा मारला. तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता आवाज येत होता, पण इतके दिवस कुठे मेली होतीस, हे त्यात स्पष्ट ऐकू येत होतं.

"मार," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "मार अजून. लिफ्ट बंद होती गं मालन."

आणखी एक बसली.

"आणि मला एकटीला काय मारतेस? ही बघ, सगळी कमिटी घेऊन आलेय तुझ्याकडं."

मालनमावशींनी दाराकडे बघितलं. तिथे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि बिरनाळे मॅडम उभे होते. कोण कुठे बघत होतं ते सांगत नाही, पण पलंगाकडे कुणी बघत नव्हतं.

पप्पा खाकरले. "काकू, उद्या सकाळी उठलो की पहिलं काम लिफ्टचं. कोल्हापूरची पार्टी गेली उडत."

"सावकाश होऊ दे ओ," काकू म्हणाल्या. त्यांनी मावशींचा मारणारा हात धरून आपल्या मांडीवर घेतला होता. "सुजाता, मला इथंच खाली अंथरूण घाल गं. मी आता इथंच राहणार."

"म्हणजे वरचा फ्लॅट बंद?" दिवाणकाकांच्या तोंडून निघून गेलं. "तसं असेल तर सोसायटीला..."

पप्पांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. वाक्य तिथेच राहिलं.

लिफ्ट चार दिवसांत सुरू झाली. इतकी वर्षं मी या व्यवसायात आहे, लोक मला विचारतात की खेळाने माणसं बदलतात का, आणि मी होय म्हणते, कारण त्याचेच मला पैसे मिळतात. पप्पांनी नारळ आणला, मॅडमनी लिफ्टच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं, आणि पहिल्या फेरीचा मान शकूकाकूंना द्यायचा असं ठरलं. त्यांना बोलवायला मला पाठवलं.

काकू मावशींना मऊ भात भरवत होत्या. एक घास मावशींना, आणि त्या गिळेपर्यंत एक्स्चेंजमधली कुठलीशी जुनी भानगड, रंगवून. मावशींच्या तोंडाचा एकच कोपरा हसू शकत होता, तो हसत होता.

"काकू, लिफ्ट झाली. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

त्यांनी भात कालवला, त्यातलं शीत बोटाने चेपून बघितलं आणि पुढचा घास उचलला.

"थांबू देत," त्या म्हणाल्या.